न प्यालेले पाणी

मे महिन्यातील लग्नाचे आमंत्रण नाकारणे आमच्या भागात फार अवघड असते. त्यातून लग्न सख्ख्या भाचीचे असले म्हणजे मामास जावेच लागते. २०२२ सालच्या मे महिन्यात आम्हीही आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या गावाहून पैनगंगेपलीकडे पांढरकवड्यास असेच लग्नाला गेलो होतो. सकाळी नऊ वाजताच बसचा लोखंडी दांडा हातास चटका देत होता. निघतेवेळी आमच्या मंडळींनी पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घातल्या होत्या. संध्याकाळी घरी परतलो तेव्हा त्यांतील एक बाटली जशीच्या तशी होती आणि दुसरीतील पाणी आम्ही बसमधील एका लहान मुलास पाजले होते. आमच्या पोटात मात्र दिवसभरात लग्नघरचा अर्धा पेला सरबत आणि दोन घोट चहा एवढेच काय ते गेले होते.

तहान नव्हती असे नाही. जीभ टाळ्यास चिकटत होती. तरीही आम्ही प्यालो नाही, याचे कारण आज प्रथमच आम्ही चारचौघांत सांगत आहोत.

आमच्या पोटाच्या उजव्या अंगास, बेंबीच्या थोडे खाली, एक पिशवी चिकटविलेली असते. २०२१ साली हैदराबादेस कर्करोगामुळे आमचे मूत्राशय काढून टाकावे लागले. मूत्रपिंडे शाबूत होती, परंतु त्यांनी तयार केलेले मूत्र साठविण्यास जागा उरली नाही. म्हणून शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा केला, दोन्ही मूत्रवाहिन्या त्यास जोडल्या आणि त्याचे एक टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढले. ते टोक बाहेरून लालसर गुलाबाच्या कळीसारखे दिसते. त्यास स्टोमा म्हणतात. त्यातून मूत्र थेंबथेंब अखंड गळत राहते आणि पिशवीत जमते. ते रोखून धरणे माणसाच्या हाती नसते. पाणी अधिक प्यावे तर पिशवी लवकर भरते. ती भरली की सदऱ्याखाली फुगवटा दिसतो आणि लग्नमंडपात ती रिकामी करण्यास आडोसा सापडत नाही. आम्ही तीस वर्षे मराठी शाळेत मास्तरकी केलेली. पांढरकवड्याच्या मंडपात आमचे जुने विद्यार्थी येऊन पाया पडत होते. त्यांच्यासमोर सदरा ओला झाला तर काय, या एकाच धास्तीने आम्ही तहान गिळून बसलो. हे त्या एका दिवसाचेच नव्हते. शस्त्रक्रियेपासून, घराबाहेर पडावयाचे असले की आदल्या रात्रीपासून पाणी तोडावयाचे, असा आमचा गुपचूप नेमच झाला होता.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी आम्हांस थंडी भरली. बाहेर आग ओकणारे ऊन, आणि आम्ही दोन गोधड्यांखाली दात वाजवीत पडलेलो. आमच्या जिल्ह्यातील रानोमाळच्या गावांत थंडी वाजून ताप आला की पहिले नाव हिवतापाचे निघते, आणि ते स्वाभाविकच आहे. गावात औषधे देणाऱ्या एका गृहस्थाने सुई टोचली, गोळ्या दिल्या, ‘दोन दिवसांत उतरेल’ म्हणून सांगितले. त्यास आमच्या पिशवीची कल्पना नव्हती, कारण आम्हीच ती सांगितली नाही. दोन दिवसांनी ताप उतरण्याऐवजी आमची शुद्धच उतरू लागली. उजव्या कुशीत, बरगडीखाली, कुणी पाचर ठोकावी तसे दुखत होते. आमच्या सूनबाईंनी पाणी आणून दिले तेव्हा आम्ही तिला आमच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली असे मागाहून कळले. ती घाबरून म्हणाली, “मामाजी, हे साधे लक्षण नव्हे,” आणि तिनेच मुलास गाडी आणावयास पिटाळले.

आम्ही वाचलो. जंतुसंसर्ग पिशवीकडून वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेला होता आणि तेथून रक्तात उतरू पाहत होता. आणखी एक दिवस गेला असता तर हा लेख लिहिण्यास आम्ही उरलो नसतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. शिरेतून औषधे सुरू झाली, ताप उतरला. पाचव्या दिवशी एक तेलुगूभाषक परिचारिका उशाशी येऊन बसली. तिने मोडक्या हिंदीत विचारले, “तातगारू, दिवसाला पाणी किती पिता?” तातगारू म्हणजे आजोबा. ताप, औषध, जंतू यांविषयी सगळ्यांनी विचारले होते. हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी केला. आम्ही खरे ते सांगितले. पलीकडे बसलेल्या आमच्या मंडळींनी ते ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत; उठून त्यांनी पेला भरून आमच्या हाती दिला.

वाचकहो, त्या खाटेवर पडल्या पडल्या आमच्या ध्यानात आले की आम्ही एकाच शब्दापायी दोनदा फसलो होतो. लघवीस जळजळ झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, आणि धन्याचे पाणी किंवा भिजविलेला सब्जा घेतो. २०२१ साली आम्हांस प्रथम लघवीत रक्त दिसले तेव्हा दुखत मुळीच नव्हते. तरीही आम्ही उन्हाळीच समजून चार महिने धन्याचे पाणी पीत राहिलो, आणि तो निघाला कर्करोग. न दुखता लघवीत रक्त येणे, मग ते एकदाच का दिसेना, हे डॉक्टरांस दाखविलेच पाहिजे. विशेषतः ज्याने आमच्यासारखी वर्षानुवर्षे बिडी ओढली आहे त्याने. या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हेच आहे. आमच्या रानातील तेंदूच्या पानांनी अनेकांची चूल पेटते हे खरे, परंतु त्याच पानात गुंडाळलेला धूर मूत्रावाटे बाहेर पडताना मूत्राशयाच्या अस्तरास डागून जातो.

दुसरी फसगत याच्या उलट. मूत्राशय गेल्यावर आम्ही उन्हाळीची वाट पाहत राहिलो. जळजळ नाही, वारंवार जावेसे वाटत नाही, मग मूत्राचा विकार कसा असेल? परंतु जळजळ होते ती मूत्राशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या अस्तरास. जेथे मूत्राशयच नाही तेथे उन्हाळी लागणार कोठून? स्टोमाला तर दुखण्याची संवेदनाच नसते. पिशवीवाल्या माणसास मूत्राचा जंतुसंसर्ग झाल्याची पहिली वर्दी येते ती थंडी वाजून येणाऱ्या तापाने, कुशीतील दुखण्याने, मळमळीने किंवा उलटीने, आणि म्हाताऱ्या माणसात कधी कधी केवळ असंबद्ध बोलण्याने. मूत्र गढूळ होणे, त्यास नेहमीहून उग्र दर्प येणे, रक्त दिसणे हीही चिन्हे आहेत. आणि दोन-चार तास पिशवीत थेंबही उतरला नाही तर इस्पितळाची वाट तत्काळ धरावी. ही चिन्हे रुग्णापेक्षा घरच्यांना आधी दिसतात. म्हणूनच ती आम्ही घरोघरच्या वाचकांसाठी लिहीत आहोत.

ही शस्त्रक्रिया ज्या रीतीने आज होते ती अमेरिकेतील यूजीन ब्रिकर या शल्यवैद्याने १९५० साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यास जोडण्याची रीत होती. तेथे मळातील जंतू मूत्रपिंडापर्यंत चढत आणि ती निकामी करीत. नव्या रीतीने तो धोका पुष्कळ कमी झाला, मिटला मात्र नाही. मूळच्या शरीरात मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटलेले असते आणि लघवीबरोबर जंतू धुऊन निघतात. आतड्याच्या तुकड्यास तसे दार नाही. त्यास धुणारे एकच साधन आहे, ते म्हणजे मूत्रपिंडांकडून खाली वाहणारी धार. आणि ही धार पाण्यावाचून कशी वाहणार? ओढा वाहता असला की त्यात शेवाळ धरत नाही; उन्हाळ्यात तो आटून डबके झाले की चार दिवसांत हिरवे होते. आम्ही स्वतःच्या अंगात तेच डबके करून ठेवले होते.

आता आमच्या घरी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात आमची एक निराळी कळशी असते. दिवसभरात सुमारे दोन ते अडीच लिटर पाणी पोटात जावे असे आम्हांस सांगण्यात आले आहे. म्हणजे साधारण दहा पेले. उन्हात राबणाऱ्यास याहून अधिक लागते. ताक आणि लिंबाचे पाणी चालते. चहावर मात्र भिस्त ठेवू नये. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे आहे त्यांनी पाण्याचे माप आपल्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. मापाची सोपी खूण म्हणजे मूत्राचा रंग: फिकट, पाण्याकडे झुकलेला असला की ठीक, गर्द पिवळा किंवा तांबूस दिसला की पेला उचलावा. बीट खाल्ले असता रंग लाल येतो, त्याने घाबरू नये. मूत्रात पांढरट चिकट धागे दिसतात त्यांनीही घाबरू नये. तो आतड्याच्या अस्तराचा स्वभाव आहे, आणि पुरेसे पाणी प्याल्याने ते पातळ होऊन वाहून जातात.

दुसरी गोष्ट हातांची. पिशवीस हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि नंतरही धुवावेत. पिशवी एक तृतीयांश, फार तर अर्धी भरली की रिकामी करावी. गच्च भरलेली पिशवी आपल्या वजनाने सुटते आणि तिच्यातील मूत्र मागे स्टोमाकडे लोटले जाते. पिशवी बदलण्यास पहाटेची, काहीही पिण्यापूर्वीची वेळ उत्तम, कारण त्या वेळी धार सर्वांत मंद असते. स्टोमाभोवतीची कातडी साध्या कोमट पाण्याने धुवून स्वच्छ मऊ कापडाने कोरडी करावी. तेल, पावडर किंवा जंतुनाशक औषध लावू नये. पिशवीच्या चकतीचे भोक स्टोमाहून किंचितच मोठे कापावे. आम्ही तीन-चार दिवसांनी पिशवी बदलतो. उन्हाळ्यात घामाने चिकट सुटू लागला तर त्याहून लवकर. पिशव्या स्वस्त नाहीत, हे आम्ही जाणतो. काटकसर म्हणून गळणारी पिशवी पट्टी चिकटवून आणखी दोन दिवस वापरण्याचा उद्योग आम्हीही केला आहे. त्याने कातडी सोलवटते आणि जंतूंस दार उघडते. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे मग औषधांत जातात.

तिसरी गोष्ट रात्रीची. रात्री लहान पिशवीस नळी लावून दोन लिटरची मोठी पिशवी जोडावयाची असते. आम्ही लहानपणापासून उन्हाळ्यात अंगणात सतरंजीवर झोपणारे. परंतु जमिनीवर झोपले की मोठी पिशवी अंगाच्या खाली राहत नाही आणि मूत्र परत फिरते. म्हणून आम्हांस बाजेवर झोपणे भाग आहे. बाजेच्या माच्यास खालच्या बाजूने एक आकडा ठोकून त्यावर पिशवी टांगतो, ती भुईस टेकू देत नाही. नळी जोडण्यापूर्वी लहान पिशवीत थोडे मूत्र राहू द्यावे, म्हणजे नळीत हवा अडकून धार थांबत नाही. सकाळी मोठी पिशवी पाण्याने धुवून, एक भाग पांढरा शिरका आणि तीन भाग पाणी असे मिश्रण तिच्यात घालून अर्धा तास ठेवावे, मग ते ओतून पिशवी सावलीत टांगून वाळवावी. शिरका शहरातील दुकानांत व्हिनेगर या नावाने मिळतो.

औषधांविषयीही एक चूक सांगतो. पहिल्या आजारातून उठल्यावर आम्ही इतके धास्तावलो की काही दिवसांनी, अंगात ताप नसताना, पिशवीतील मूत्र बाटलीत भरून एका ठिकाणी तपासून आणले. कागदावर जंतू भरपूर निघाले आणि आम्ही प्रतिजैविकांचा डबाच घरी आणला. पुढच्या भेटीत हैदराबादच्या डॉक्टरांनी कपाळास हात लावला. आतड्याच्या तुकड्यात जंतूंचे वास्तव्य बहुधा असतेच. ताप, दुखणे यांपैकी काही नसता त्यांच्यामागे औषध लावल्यास साधे जंतू मरतात, चिवट जंतू उरतात, आणि खऱ्या आजारात तेच औषध निकामी ठरते. शिवाय वापरलेल्या पिशवीतील मूत्र तपासणीच्या कामाचे नसते, कारण ते पिशवीतील जंतूंनी आधीच बाटलेले असते. तपासणीसाठी स्टोमा स्वच्छ करून त्यातून बारीक नळीने घेतलेले, किंवा निदान अगदी नव्या पिशवीत नुकतेच उतरलेले मूत्र द्यावे, आणि देतानाच ‘माझ्या पोटावर पिशवी आहे’ हे सांगावे. आणि खरा संसर्ग असल्यास डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरी घ्यावी.

ज्यांचे मूत्राशय शाबूत आहे आणि ज्यांच्यावर आत औषध सोडून उपचार चालू आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या बालकांस क्षयाची म्हणून जी बी.सी.जी.ची लस देतात तेच औषध मूत्राशयात सोडण्याची पद्धत १९७६ पासून प्रचारात आली. ते बहुधा आठवड्यास एकदा असे सहा आठवडे देतात. त्यानंतर दिवस-दोन दिवस जळजळ होते, ती औषधाची. परंतु ताप चढला आणि टिकला तर वाट पाहू नये. आणि उपचाराच्या आधीच लघवीत जळजळ, ताप किंवा रक्त असेल तर ते लपवून औषध घेऊ नये. संसर्ग असताना ते देत नाहीत. एरव्ही भरपूर पाणी प्यावे, लघवी तुंबवून ठेवू नये आणि स्त्रियांनी स्वच्छता करताना हात पुढून मागे न्यावा.

पाण्याशी आमच्या घराण्याचे आणखी एक जुने नाते आहे. आमची आई कम्युनियन घ्यावयाचे असले की आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात घालीत नसे. तिच्या तरुणपणी नियमच तसा होता. साध्या पाण्याने हा उपास मोडत नाही असे पोप बारावे पायस यांनी १९५३ साली ठरविले, आणि १९६४ पासून तर अन्नाचा उपासही एका तासाचाच राहिला. आजारी आणि वृद्ध माणसांस तेवढेही बंधन नाही. हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? होते. तरी रविवारी सकाळी पाणी न पिण्यास आम्ही आईच्या त्या जुन्या नेमाचे नाव देत होतो. खरे कारण भक्ती नव्हते. मिस्सेच्या वेळी पिशवी भरू नये एवढेच होते. आमच्या फादरांजवळ आम्ही हे एकदा बोललो. ते इतकेच म्हणाले, “मास्तर, मागच्या दाराजवळचा बाक तुमचा. उठून गेलात तर कुणी विचारणार नाही, आणि विचारलेच तर मी सांगेन.” त्या बाकावर आम्ही आता बसतो, आणि घरून दोन पेले पाणी पिऊन निघतो.

गेल्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या एका गावाहून एक तरुण शेतकरी आमच्याकडे आला. त्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. ऐन कापसाच्या निंदणीचे दिवस. दिवसभर रानात, भोवती मजूर. बोलता बोलता आमच्या सूनबाईंनी त्याच्यापुढे पाणी ठेवले. त्याने पेला हातात घेतला, ओठास लावल्यासारखे केले आणि तसाच खाली ठेवला. तो अभिनय आम्ही वर्षभर केला होता. आम्हांस तो ओळखता आला. आम्ही त्यास आत नेले, दार लावले आणि सदरा वर करून आमची पिशवी दाखविली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, बायकोलाबी नाही दाखवली मी अजून.”

त्यास आम्ही वरच्या सर्व गोष्टी सांगितल्या. आकडा कसा ठोकावा, शिरका कोठे मिळतो, ताप आला तर ‘थंडीताप’ एवढेच न सांगता पिशवीची गोष्ट पहिल्या वाक्यात कशी सांगावी, आणि आदिलाबादच्या रिम्स इस्पितळात तेलुगू डॉक्टर भेटला तरी अडचण नाही, मूत्रास तेही मूत्रमच म्हणतात. सर्वांत शेवटी सांगितले की आज घरी गेल्यावर बायकोस दाखव. ज्या दिवशी तुला भान राहणार नाही त्या दिवशी तुझ्यासाठी बोलणारे तिच्यावाचून कुणी नसेल. आमच्या सूनबाईंस पिशवी ठाऊक होती, म्हणून इस्पितळात शिरताच तिने ती सांगितली. आम्ही सांगण्याच्या स्थितीत नव्हतो.

आपल्या गावांत असा कुणी असेल तर त्याच्या पिशवीची चौकशी करू नका. त्यास संकोच वाटेल. लग्नकार्यात त्याच्यासाठी एक आडोशाची जागा आणि बादलीभर पाणी ठेवा, ती जागा त्यास हळूच दाखवून द्या, आणि मग त्याच्या हाती पाण्याचा पेला द्या. तो तो पिईल. जाताना त्या तरुणाने खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलला होता आणि उभ्यानेच संपविला होता.